चालतंय ना?

आजोबांना जाऊन वर्ष होत आलं तेव्हा काकांनी ठरवलं, वर्षश्राद्धाला त्यांच्या श्लोकांची छोटी पुस्तिका छापायची. आजोबा वाईजवळ प्राथमिक शाळेत गुरुजी होते. निवृत्तीनंतर त्यांनी एका वहीत चौसष्ट श्लोक लिहिले होते, सगळे भुजंगप्रयातात, म्हणजे मनाच्या श्लोकांच्या चालीत. आईने ते फोनवर टाइप केले, काकांनी छापखाना बघितला आणि मी म्हटलं, "वृत्त मी तपासून देते."

तपासायला मी प्रोग्रॅम लिहिला, सी प्लस प्लसमध्ये. हे वाक्य वाचून ज्यांच्या भुवया वर गेल्या त्यांना कारण सांगायला हवं.

नोकरीत मी जावास्क्रिप्ट लिहिते. हेच काम पायथनमध्ये दुपारच्या चहापर्यंत झालं असतं. ऑफिसातला मित्र म्हणाला, "एआयला सांग, दोन मिनिटांत देईल." खरं होतं. पण इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला सी प्लस प्लस होती, तिच्यात मला भरपूर मार्क मिळाले होते आणि ती मला अजिबात येत नव्हती. ही गोष्ट बारा-तेरा वर्षं मनात टोचत होती. आमच्या लॅबमध्ये निळ्या पडद्याचं टर्बो सी प्लस प्लस होतं, बोरलँड कंपनीने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला काढलेलं. भाषेचं पहिलं आंतरराष्ट्रीय प्रमाण १९९८ साली आलं. आम्ही २०११ मध्ये त्याच्याही आधीची भाषा शिकत होतो आणि सुरुवातीच्या ओळी मंत्रासारख्या पाठ करत होतो. त्यातल्या काही त्या प्रमाणानुसार चूक आहेत हे मला तिशी ओलांडल्यावर कळलं. तोंडी परीक्षेत विचारायचे, पॉइंटर म्हणजे काय? मी सांगायचे, पत्ता साठवणारा चल. सर मान हलवायचे. कुणाचा पत्ता, तिथे आता कोण राहतं, तो निघून गेला असेल तर काय, हे त्यांनी विचारलं नाही आणि मलाही ते सुचलं नाही.

तर या निमित्ताने ती भाषा पुन्हा शिकायची ठरवली. रोज रात्री जेवण झाल्यावर तास-दीड तास.

पहिला आठवडा मराठीनेच खाल्ला. 'गोड' या शब्दाची लांबी किती? डोळ्यांना दोन अक्षरं दिसतात. युनिकोडच्या हिशोबात ती तीन चिन्हं आहेत: ग, ओकाराची मात्रा आणि ड. साठवताना प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, त्यामुळे सी प्लस प्लसला लांबी विचारली की ती शांतपणे नऊ सांगते. मग आधी बाइटांची चिन्हं करा, चिन्हांची अक्षरं करा, अक्षरांचे लघु-गुरू ठरवा. ऱ्हस्व स्वर लघु, दीर्घ स्वर गुरू, अनुस्वार आला की गुरू, पुढे जोडाक्षर आलं की मागचं ऱ्हस्व अक्षरही गुरू. भुजंगप्रयातात 'य' गण चार वेळा येतो: लघु गुरू गुरू, लघु गुरू गुरू. शाळेत पाठ केलेलं 'यमाताराजभानसलगम्' इतक्या वर्षांनी कामाला आलं.

मराठीत एक मेख आहे. पुढचं जोडाक्षर मागच्या अक्षरावर आघात देतंच असं नाही. 'तुझ्या' म्हणताना 'तु'वर जोर येत नाही, म्हणून तो लघूच राहतो. 'सावल्या'तला 'व'ही तसाच. असे शब्द मी हाताने एका यादीत टाकले आणि ती यादी प्रोग्रॅमला दिली.

मग परीक्षा. मनाच्या श्लोकांची २०५ कडवी, म्हणजे ८२० ओळी, त्याच्यातून काढल्या. बहुतेक ओळी पास झाल्या. थोड्या नापास झाल्या. त्या बघून मी म्हटलं, समर्थांनी सूट घेतली असणार. कवीला तेवढं स्वातंत्र्य असतंच.

मग आजोबांच्या २५६ ओळी टाकल्या. अकरा नापास. इथे मात्र मला सूट वगैरे आठवली नाही. मी काकांना अकरा ओळींची यादी पाठवली आणि वर लिहिलं, 'या ओळींत वृत्त चुकलंय.' हे त्या वेळी खटकलंसुद्धा नाही, आता खटकतं. एकाच यंत्राचा एकच निकाल, पण समर्थ असले की यंत्र कमी पडलं आणि गुरुजी असले की गुरुजी कमी पडले.

काकांनी अकराही ओळी दुरुस्त केल्या. त्यांनाही थोडंफार येतं. एक ओळ अशी होती: तुझ्या अंगणी सावल्या गोड होत्या. तिच्या दहाव्या अक्षरावर, 'गोड'च्या 'ड'वर, प्रोग्रॅमने बोट ठेवलं होतं: इथे लघु हवा, गुरू आलाय. काकांनी बरीच खटपट करून 'तुझ्या अंगणी सावली गोड होती' केलं. मी ते टाकून पाहिलं, पास झालं. पुस्तिका छापली, दोनशे प्रती. वर्षश्राद्धाला आलेल्या सगळ्यांनी नेली. आजोबांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने तर तिथेच बसून चालीत म्हणून दाखवली. मला बरं वाटलं. मी लिहिलेलं काहीतरी पहिल्यांदाच आमच्या घरच्यांच्या उपयोगी पडलं होतं.

प्रोग्रॅमचं काम संपलं तरी शिकणं मी थांबवलं नाही. दोन महिन्यांनी एका रात्री ॲड्रेस सॅनिटायझर नावाच्या साधनाबद्दल वाचत होते. प्रोग्रॅम बांधताना एक पर्याय चालू केला की तो चालता चालता मेमरीवर पहारा ठेवतो. कुणी आपल्या हद्दीबाहेर वाचलं की तिथल्या तिथे सगळं थांबवून लाल अक्षरात ओरडतो. हाताशी दुसरं काही नव्हतं म्हणून आजोबांचा प्रोग्रॅम त्याच्याखाली चालवला. तो ओरडला.

झालं होतं ते असं. मी एकेक शब्द सुटा करून त्याची चिन्हं एका रांगेत ठेवत होते. प्रत्येक शब्दाला नवी रांग कशाला, म्हणून एकच रांग रिकामी करून पुन्हा वापरत होते. पण सी प्लस प्लसमध्ये अशी रांग 'रिकामी' केली की फक्त तिची लांबी शून्य धरली जाते. आतलं सामान कुणी हलवत नाही. भाडेकरूचं नाव पाटीवरून पुसलं, खाट तिथेच. 'सावल्या' या शब्दाची सात चिन्हं आहेत: स, काना, व, ल, पाय मोडायची खूण, य, काना. त्यानंतर 'गोड'ची तीन चिन्हं येऊन पहिल्या तीन जागांवर बसली. मागे ल, पाय मोडायची खूण, य आणि काना तसेच राहिले. 'ड' लघु की गुरू हे ठरवायला माझा प्रोग्रॅम पुढची दोन चिन्हं बघायचा. शब्द संपला आहे का, हे आधी बघायला मी विसरले होते. त्यामुळे त्याला दिसलं 'गोडल्या'. पुढे जोडाक्षर, म्हणजे 'ड' गुरू.

गोडल्या! असा शब्द मराठीत नाही, आजोबांच्या वहीत नाही, माझ्या फाइलमध्येही नाही.

'गोड' एकटा दिला तर उत्तर बरोबर यायचं. मागे 'सावली' असली तरी बरोबर यायचं, कारण मग उरलेल्या चिन्हांत जोडाक्षर नसतं. म्हणून काकांची ओळ पास झाली होती. चूक दिसायला मागे लांब शब्द हवा, त्यात नेमक्या त्या जागी जोडाक्षर हवं आणि पुढचा आखूड शब्द लघु अक्षरावर संपायला हवा. शेकडो ओळींत हे क्वचित जुळायचं. दुरुस्ती करून पुन्हा चालवलं तेव्हा अकरापैकी सात ओळींत वृत्त खरंच चुकलेलं निघालं. चार ओळी आजोबांनी चोख लिहिल्या होत्या. समर्थांच्या नापास ओळींपैकीही काही आपोआप पास झाल्या. त्यांनी सूट घेतलेलीच नव्हती.

कॉलेजात अशा वेळी पडद्यावर भलताच आकडा यायचा आणि आम्ही हसून म्हणायचो, गार्बेज व्हॅल्यू आली. तो कचरा नसतो. आधी त्या जागी असलेल्या कुणाचं तरी ते सामान असतं. २०१४ च्या एप्रिलमध्ये हार्टब्लीड नावाचा दोष जगाला कळला तो याच घराण्यातला. इंटरनेटच्या फार मोठ्या भागावर सुरक्षित संपर्कासाठी वापरलं जाणारं ओपन एसएसएल हे सॉफ्टवेअर सी भाषेत लिहिलेलं. समोरून आलेल्या मजकुराची सांगितलेली लांबी खरी आहे का, हे ते तपासत नव्हतं. त्यामुळे मागितलं तितकं, हद्दीबाहेरचंसुद्धा, वाचून परत पाठवायचं आणि त्यात दुसऱ्यांचे पासवर्डही असू शकत. हा दोष दोन वर्षं जगभर चालू होता. चालू होता म्हणजे शब्दशः चालत होता, कुणाची तक्रार नव्हती.

सी आणि सी प्लस प्लसमध्ये या प्रकाराला अनडिफाइंड बिहेविअर म्हणतात. हद्दीबाहेर वाचलं तर काय होईल? भाषेचं प्रमाण म्हणतं, आम्ही काहीही बांधील नाही. प्रोग्रॅम कोसळेल, चुकीचं उत्तर देईल किंवा अगदी बरोबर उत्तर देईल. १९९२ पासून एक विनोद चालत आलाय की नियमाप्रमाणे तुमच्या नाकातून भुतं निघाली तरी ते चालण्यासारखं आहे. जावास्क्रिप्ट अशा जागी 'इथे काही नाही' असं सांगते, पायथन चूक दाखवून थांबते. सी प्लस प्लसमध्येही तपासून वाचायची सोय आहे, 'ॲट' नावाची. पण नुसते चौकोनी कंस लिहिले की ती समजते, तुम्ही आधी बघून घेतलंय. न वापरलेल्या सोयीची किंमत कुणी मोजू नये हे तिचं जुनं तत्त्व आहे. आणि सीच्या प्रमाणाबरोबर जी मूळ भूमिका सांगितली जाते तिच्यात एक सूत्र आहे: प्रोग्रॅमरवर विश्वास ठेवा. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते भारी वाटलं होतं.

यातला 'बरोबर उत्तर देईल' हा भाग मला सगळ्यात जास्त छळतो. कोसळणारा प्रोग्रॅम निदान प्रामाणिक असतो. आजोबांच्या २५६ पैकी २५२ ओळींबद्दल माझ्या प्रोग्रॅमने खरं सांगितलं होतं. पण त्या २५२ सुद्धा त्याला माहीत होत्या असं म्हणता येईल का? तो प्रत्येक शब्दाच्या शेवटी भिंतीपलीकडे डोकावत होता. २५२ वेळा पलीकडे अडचणीचं काही नव्हतं, एवढंच.

क्लिफर्ड नावाच्या इंग्लिश गणितज्ञाने १८७७ साली एक निबंध लिहिला, 'द एथिक्स ऑफ बिलीफ'. त्यात एक जहाजमालक आहे. परदेशी स्थायिक व्हायला निघालेली कुटुंबं त्याच्या जहाजातून जाणार आहेत. जहाज जुनं आहे, डागडुजी हवी आहे, हे त्याला ठाऊक आहे. पण तो स्वतःची समजूत घालतो: इतक्या सफरी झाल्या, वादळंही झेलली, ही पण होईल. शेवटी त्याला मनापासून पटतं की जहाज सुरक्षित आहे. जहाज बुडतं. तो विम्याचे पैसे घेतो. क्लिफर्ड म्हणतो, तो दोषी आहे, कारण तसा विश्वास बाळगायचा हक्क त्याने मिळवला नव्हता. इथपर्यंत कुणीही मान डोलावेल. पुढे तो विचारतो, समजा जहाज बुडलं नाही, ही सफर आणि पुढच्या अनेक सफरी सुखरूप झाल्या, तर मालकाचा दोष कमी होतो का? त्याचं उत्तर: तसूभरही नाही. चूक झाली तो क्षण बंदरातच येऊन गेला, पुढचं समुद्राने ठरवलं.

बरोबर शंभर वर्षांना एक कमी असताना, १९७६ मध्ये, बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या दोघांनी नैतिक नशीब या विषयावर जोडीने निबंध लिहिले. नेगलच्या उदाहरणातला ट्रकवाला ब्रेक तपासून घेत नाही. मूल आडवं आलं तर तो आयुष्यभर स्वतःला माफ करत नाही. न आलं तर त्याला काही आठवतही नाही. निष्काळजीपणा दोन्हीकडे सारखाच, पण आपण दोघांना सारखं तोलत नाही आणि तोलू शकूच असंही नाही. मला हे वाचताना आधी हायसं वाटलं. माझ्या बाबतीत मूल आडवं आलंच कुठे? काकांची ओळ वृत्तात बसते, म्हणायला छान वाटते. पुस्तिका वाचणाऱ्या एकालाही काही खटकलेलं नाही. 'सावल्या'ची 'सावली' झाली, जगात कुणाचं काय बिघडलं?

क्लिफर्डवर एक आक्षेप मलाही घ्यावासा वाटतो. त्याचं ऐकायचं तर शिकणं अवघड होऊन बसेल. पोहायला शिकणारा माणूस पाणी कळण्याआधीच पाण्यात उतरतो. सी प्लस प्लस शिकताना मी न कळलेल्या कितीतरी ओळी चालवल्या, त्या चालल्या म्हणून पुढे गेले आणि कळलं ते मागाहून. चालवून बघणं हाच शिकायचा रस्ता होता आणि त्यात मला काही गैर दिसत नाही. गैर कुठे सुरू झालं ते मी शोधत गेले तर ते प्रोग्रॅममध्ये सापडत नाही, काकांना पाठवलेल्या मेसेजमध्ये सापडतं. 'वृत्त चुकलंय.' तिथे 'मी नवशिकी आहे, माझ्या प्रोग्रॅमला असं वाटतंय' एवढं लिहायला किती सेकंद लागले असते? तोपर्यंत जहाज माझ्याच टबात तरंगत होतं. त्या दोन शब्दांनी मी त्यात माणसं बसवली.

आणि हे एआयने लिहून दिलं असतं तर? मित्राने नंतर हेच विचारलं, थोडं खोचकपणे. कदाचित त्याने ही चूक केलीच नसती. मी स्वतः लिहिलं, रात्री जागवल्या, तरी मला माझाच प्रोग्रॅम कळलेला नव्हता, त्यामुळे स्वतःच्या हाताने लिहिल्याचा तोरा मिरवायची सोय मला उरलेली नाही. फरक असलाच तर इतकाच की शिकत राहिले म्हणून दोन महिन्यांनी का होईना, चूक मला सापडली. ते तसं अवघडच आहे म्हणा. न शिकते तर आज सुखाने झोपले असते.

तीन आठवडे मी काकांना काही सांगितलं नाही. पुस्तिका वाटून झाल्या होत्या. काका शहात्तरचे आहेत आणि त्या अकरा ओळी दुरुस्त केल्याचा त्यांना अभिमान आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. शेवटी दिवाळीला साताऱ्याला गेले तेव्हा चहा घेताना सांगून टाकलं. 'गोडल्या' कागदावर लिहून दाखवलं. ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले.

"म्हणजे अण्णांची ओळ बरोबर होती."

"हो काका. चार ओळी बरोबर होत्या."

"मला वाटलंच होतं," ते म्हणाले. "अगं, मी ती चालीत म्हणून बघितली होती. दोनदा. कुठंच अडत नव्हती. म्हटलं, आता वय झालं, कान गेले असतील. कॉम्प्युटर कशाला खोटं सांगेल?"

यावर मला काही बोलता आलं नाही. साठ-पासष्ट वर्षं रोज मनाचे श्लोक म्हणणाऱ्या माणसाचा कान माझ्या दोन महिन्यांच्या सी प्लस प्लसपुढे गप्प बसला होता. सीच्या पुस्तकातलं ते सूत्र काकांनी न वाचताच पाळलं होतं.

मी विचारलं, "पण सावली काय, सावल्या काय, अर्थ तोच ना?"

"दोन झाडं होती बाळा," काका म्हणाले. "त्या अंगणात. एक रामफळ, एक शेवगा. सकाळी एकाची सावली, दुपारून दुसऱ्याची. आई सूप घेऊन या सावलीतनं त्या सावलीत सरकायची. तुझ्या जन्माच्या आधीच पाडलं ते घर." मग थोडं थांबून, "मीच खोडलं की एक झाड."

पन्नासेक प्रती घरात शिल्लक आहेत. त्यांच्यात जुन्या पुस्तकांत असतं तसं शुद्धिपत्र चिकटवायचं आणि बाकीच्यांना फोनवर पाठवायचं असं ठरलं. मी तिथेच लॅपटॉप उघडून तक्ता केला: पृष्ठ, ओळ, अशुद्ध, शुद्ध. पहिल्या रांगेत 'सावली गोड होती' आणि 'सावल्या गोड होत्या' लिहिलं. काकांनी चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, की त्यांची ओळ पण वृत्तात आहे ना, मग ती 'अशुद्ध'च्या खाली कशी? मी तो मथळा खोडला. त्या जागी काय लिहायचं यावर आमचं अजून ठरलेलं नाही. काका 'छापील' म्हणतात, मी 'चुकून बदललेलं' म्हणते, आणि कुणी बदललं ते त्यात यायला हवं की नको यावर दोघंही अडून बसलो आहोत.